काठावर ती उभी

देवाला मानता का, असं कुणी विचारलं तर माझी आजही पंचाईत होते. नाही म्हणावं तर घरात बिरोबाचा देव्हारा आहे आणि रविवारी मी त्याच्यापुढं वाकून कपाळाला भंडारा लावून घेतो. हो म्हणावं तर ज्या दिवसांत खरोखर त्याच्यावर भार टाकायची वेळ आली, त्या दिवसांत मी औषधांच्या चिठ्ठ्या, तपासण्यांची फाइल आणि मोबाइलवर वाचलेली माहिती यांवरच भार टाकला होता. तेव्हा जे घडलं ते मी इथं घडलं तसं लिहितो आहे. त्याला काय म्हणायचं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. लिहिता लिहिता ठरेल असं वाटलं होतं, पण तसंही दिसत नाही.

आमची वस्ती बावड्याच्या पुढं, नीरा नदीच्या अंगाला आहे. माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, पूर्वी मेंढरं राखायचे. आई आणि आबा वर्षातले आठ महिने कळपामागं चालत. मी शाळेत जाण्याजोगा झालो तसा हा पेच पडला की पोराला सोबत न्यायचं की मागं ठेवायचं. एक-दोन वर्षं नातेवाइकांकडं ठेवून पाहिलं, पण माझं मन लागेना. शेवटी आबांनी कळपच मोडला आणि वस्तीवरच्या जमिनीत मका, गवार, पुढं थोडं डाळिंब असं करू लागले. मी एका जागी बसून शिकावं, एवढ्यासाठी. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. मराठीत एम.ए. केलं, बी.एड. केलं, आणि आज इंदापुरात एका शाळेत मराठी शिकवतो. शिकवणाऱ्या सगळ्या गुरुजनांचा मी ऋणी आहे, आणि आबांचा तर आहेच. पण ऋणी असणं आणि समजून घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला फार उशिरा कळलं.

कळप गेला तरी आबांची ओवी गेली नाही. वस्तीच्या टोकाला लिंबाखाली आमच्या बिरोबाचं ठाणं आहे. तिथं वर्षातून काही वेळा सुंबरान मांडतात, म्हणजे देवाचं स्मरण करून ओव्या गातात. पुढं एक गाणारा असतो आणि त्याच्या मागं चार-सहा जण झील धरायला असतात. पुढच्यानं ओळ टाकली की तिच्या शेवटचे शब्द मागचे उचलून धरतात आणि लांबवतात. तेवढ्या वेळात पुढचा दम घेतो आणि पुढची ओळ शोधतो. कारण ओवी कुठं लिहिलेली नसते. थोडी पाठ असते, थोडी त्या क्षणी सुचते. झील धरणाऱ्याला पुढं काय येणार हे ठाऊक नसतं. हातात आलेलं टोक सोडायचं नाही, एवढंच त्याचं काम. आबा कित्येक वर्षं पुढं उभे राहून गायले. दहावीपर्यंत मीही त्यांच्या मागं झील धरायला असायचो. कॉलेजात गेल्यावर सोडलं. माझा आवाज चांगला नाही, असं मी घरी सांगितलं. खरं कारण असं, की वर्गातल्या मुलांनी एकदा माझी नक्कल केली होती.

पुढं एम.ए.ला असताना प्रकल्प करायचा होता. मी आबांच्या ओव्या लिहून घ्यायचं ठरवलं. संध्याकाळी गोठ्यापाशी बसून ते सांगायचे आणि मी वहीत उतरवायचो. मग पक्की प्रत तयार करताना मी ती 'नीट' केली. झिलीत तेच तेच शब्द येतात म्हणून झील पूर्ण गाळली. 'गा', 'जी', 'हो' हे सगळं निरर्थक म्हणून काढून टाकलं. जिथं यमक तुटलं होतं तिथं जुळवून दिलं. अशिक्षित माणसाच्या हातून राहिलेले दोष आपण दूर करतो आहोत, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. प्रकल्पाला उत्तम शेरा मिळाला. मी आबांना त्यातलं वाचून दाखवलं. ते उठले, गाईपुढं वैरण टाकली आणि म्हणाले, "बरं केलंस." मला वाटलं, त्यांना आवडलं.

मागच्या वर्षी आबांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला. उजवा हात आणि पाय हळूहळू हलू लागले, काठी घेऊन ते अंगणात येऊ लागले. पण वाचा गेली. आम्ही काय म्हणतो ते त्यांना सगळं समजायचं. जेवता का म्हटलं की मान हलवायचे, गाय सुटली म्हटलं की उठू बघायचे. फक्त स्वतःचा शब्द तोंडात यायचा नाही. ओठ हलायचे, घशातून 'हं हं' असा आवाज यायचा आणि मग डोळ्यांत अशी एक कासाविशी दिसायची की समोरच्यानं मान वळवावी. आम्ही अंदाज करत बसायचो. आई विचारायची, "पाणी पायजे? घोंगडी पायजे? मग काय, माझा जीव पायजे का?" पहिल्यांदा ते या बोलण्याला हसायचे. नंतर हसेनासे झाले. नंतर तर काही सांगायचा प्रयत्नच त्यांनी सोडला. भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे आणि ताटातलं अर्धं ताटातच राहायचं.

बारामतीला वाचा-उपचार करणाऱ्या एक मॅडम आहेत. आठवड्यातून एकदा मी आबांना त्यांच्याकडं न्यायचो. मॅडम मायेनं करायच्या. चित्रं दाखवायच्या, ओठांच्या हालचाली करून दाखवायच्या. आबा गाणारे आहेत हे समजल्यावर त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, की घरी त्यांची गाणी म्हणा, गाण्यातून कधी कधी शब्द येतो. मी मोठ्या आशेनं माझी प्रकल्पाची ती बांधीव वही काढली आणि रोज शाळेतून आल्यावर आबांपुढं बसून एक एक ओवी वाचू लागलो. स्पष्ट, सावकाश, वर्गात वाचतो तशी. आबा पहिल्या दिवशी ऐकत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी डोळे मिटले. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी डाव्या हातानं वही माझ्या मांडीवरून ढकलून दिली.

मला काहीच कळेना. त्यांच्याच ओव्या, त्यांच्याच पोराच्या तोंडून, आणि त्यांनाच राग यावा? मेंदूला इजा झाली की माणसं चिडचिडी होतात, असं मी कुठंतरी वाचलं होतं. मी तेच खरं धरलं. आई मात्र म्हणाली, "देवाला कौल लाव एकदा." मी तिला म्हणालो, "आई, देव काय मेंदूचा डॉक्टर हाय का?" बोलून गेलो आणि रात्रभर स्वतःलाच लागलं. कारण खरं सांगायचं तर मलाही देवाकडं जावंसं वाटत होतं, पण कोणत्या तोंडानं जायचं हे सुचत नव्हतं. ज्या माणसानं इतकी वर्षं बिरोबापुढं गळा मोकळा केला त्याचाच गळा बिरोबानं का बंद करावा, या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आणि उत्तर नसलेल्या ठिकाणी मी सहसा जात नाही.

मग एके दिवशी बारामतीला आबांनी तोंडच उघडलं नाही. मॅडमनी चित्र पुढं केलं की ते खिडकीबाहेर बघायचे. मॅडम मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "त्यांनी मनानं सोडून दिलंय. हे महिने गेले तर पुढं अवघड होईल. पण जबरदस्तीनं काही होत नाही. तुम्हीच ठरवा, पुढच्या आठवड्यात आणायचं का ते." मी आबांना विचारलं, "आबा, पुढल्या वेळी यायचं ना?" त्यांनी सावकाश मान हलवली. नाही.

परतीची इंदापूरची एसटी दुपारची होती. आबांना मी पुढच्या बाजूला खिडकीशी बसवलं. आता सगळं संपलं, हे घरी आईला कसं सांगायचं, याच विचारात मी होतो. अर्ध्या वाटेत गाडी थांबली. पुढं उसाची ट्रॉली आडवी झाली होती आणि रस्ताभर ऊस पसरला होता. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. काही प्रवासी उतरले आणि थोड्या वेळानं कांडी मोडून खात परत आले. मागच्या बाकावरच्या एक आजी कुणाला तरी म्हणाल्या, "कारखान्याचा काटा व्हायच्या आत निम्मा तुमीच संपिवला की रं." गाडीत हशा झाला. आबा हसले नाहीत.

काय वाटलं कुणास ठाऊक, मी पिशवीतून वही काढली. मॅडमना दाखवायला म्हणून आणली होती. शेवटचं एकदा करून बघू, असं काहीसं मनात असावं. किंवा नुसता वेळ जाईना म्हणूनही असेल, मला नक्की सांगता येत नाही. मी आबांच्या कानाशी वाकून हलक्या आवाजात वाचू लागलो. त्यांची ती जुनी ओवी, कळप नदीवर येतो ती.

"मास्तर, सातबारा वाचताय का काय?"

मी वर पाहिलं. कंडक्टर होता. पन्नाशीचा, उंच, काटक माणूस. खांद्याला चामडी पिशवी, हातात तिकिटाचं मशीन. नेहमीचा नव्हता. या गाडीचा नेहमीचा कंडक्टर मला ओळखीचा होता.

"नाही, ओवी आहे," मी म्हणालो.

"ती ओवी हाय त्ये कळतंय की. पर झील कुठं हाय तिची?"

"झिलीत तेच शब्द परत येतात, म्हणून लिहिली नाही."

त्यानं आबांकडं बघितलं. काठी, लुळा हात, बंद ओठ, सगळं त्यानं एका नजरेत पाहिलं असावं. "आन मग ह्यांनी दम कवा घ्यायचा?" तो म्हणाला.

तो समोरच्या रिकाम्या सीटच्या दांड्याला टेकून उभा राहिला आणि आबांना म्हणाला, "तात्या, म्हणा तुमी. मी हाय मागं."

"त्यांना बोलता येत नाही," मी म्हणालो.

"बोला म्हणतंय कोण? तुमी सुरू करा मास्तर. वाचू नका फकस्त."

भर एसटीत गायचं म्हणजे मला संकोच वाटला. लोक बघत होते. कॉलेजातली ती नक्कल इतक्या वर्षांनी आठवली. पण त्यानं बोटातली अंगठी लोखंडी दांड्यावर वाजवायला सुरुवात केली होती, एक ठेका धरून, आणि तो ठेका मी लहानपणी पायांनी धरलेला होता. मी वही मिटली आणि म्हणालो,

"तुडतुड तुडतुड खुरं वाजती, माळावरच्या वाटंवरी."

"वाटंवरी गा वाटंवरी," त्यानं मागून उचललं. आवाज मोठा नव्हता, पण पक्का होता. मधला 'गा' त्यानं असा लांबवला की माझ्या अंगावर काटा आला.

"दीस कलला, धूळ बसली, कळप आला काठावरी."

"काठावरी गा काठावरी."

आबांची डावी बोटं गुडघ्यावर हलू लागली होती. मी पुढं म्हणालो, "काळी मेंढी मागं बघती, मान तिची गा वळती." कंडक्टरनं "वळती गा वळती" असं एकदा धरलं, दोनदा धरलं, आणि माझ्या नकळत मीही त्याच्याबरोबर धरलं. आबांचे ओठ हलत होते. मला वाटलं, आता शब्द येईल, आणि मी घाईनं पुढची ओळ टाकली, "पिल्लू न्हाय पायापाशी, काठावर ती पळती."

"उभी," आबा म्हणाले.

किती महिन्यांनी त्यांच्या तोंडून आलेला तो पहिला शब्द होता. आणि मी काय केलं असेल? मला सांगायलाही लाज वाटते. मी त्यांची चूक दुरुस्त केली. "आबा, 'पळती' हाय," मी म्हणालो. "वळती, पळती."

आबांनी डाव्या हाताची मूठ सीटवर आपटली. "उभी."

"मास्तर," कंडक्टर म्हणाला, "ओवी कुणाची हाय?"

"ह्यांचीच."

"मग तुमी गप बसा की जरा." आणि कसलीही चौकशी न करता, जणू हे असंच असायला हवं होतं, त्यानं झील धरली, "उभी गा उभी." पुन्हा धरली. तिसऱ्यांदा त्याच्या मागून आबांचा फाटका, घोगरा आवाज आला, "काठावर... ती... उभी." त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मागच्या आजींनी पदर डोळ्यांना लावलेला मला दिसला. मी मात्र कोरडा बसलो होतो. मला आनंद झाला होता की मी गोंधळलो होतो, हे मला आजही सांगता येत नाही. मेंदूनं चुकीचा शब्द पुढं केला असेल, ही शंका तेव्हाही माझ्या मनात होतीच.

रस्ता मोकळा झाला. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, लोक चढले. कंडक्टर "चला चला, मागं सरका" करत निघून गेला. इंदापूरला उतरताना त्यानं आबांना दंडाला धरून खाली घेतलं, मशीन काखेत मारलं आणि पुढच्या प्रवाशाकडं वळला. मी त्याचं नाव विचारलं नाही.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. ती आधी रडली, मग देव्हाऱ्यापाशी जाऊन आली. मग मी तिला म्हणालो, की एवढं झालं पण आबांनी शब्द चुकीचा म्हटला. ओळ 'पळती' अशी होती.

"कोण म्हणतं?" आई म्हणाली. "ती मेंढी पळली न्हाय. मी हुती की तितं."

मग तिनं जे सांगितलं ते मी इतकी वर्षं कधी विचारलंच नव्हतं. माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. नीरेला अचानक पाणी वाढलं आणि कळप पार करताना एक पिल्लू वाहून गेलं. त्याची आई, ती काळी मेंढी, काठावर येऊन उभी राहिली आणि हलेना. "तुझ्या आबांनी तिला वढली, ढकलली, पर ती जागची हलली न्हाय. वरडली बी न्हाय. नुसती पाण्याकडं तोंड करून हुबी. मग आमी कळप तितंच बसवला. दुसऱ्या दिशी सकाळी ती आपली आपण चालाय लागली."

"पिल्लू घावलं?"

"न्हाय. त्ये कुठलं घावतंय?"

"मग ती चालायला का लागली?"

"त्ये तिला ठावं," आई म्हणाली. आणि पुढं म्हणाली, "तुझे आबा म्हणायचे, 'वळती' म्हणलं की ऐकणाराच्या कानाला तसाच दुसरा शब्द पायजे असतो. त्यो द्यायचा न्हाय. मेंढीला पिल्लू मिळालं न्हाय, तर तुमच्या कानाला तरी का मिळावं? बसा म्हणावं वाट बघत."

मी माळ्यावरून ट्रंक काढली. कच्ची वही तळाशी होती. पेन्सिलनं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'काठावर ती उभी'. त्यावर लाल शाईची रेघ आणि वर 'पळती'. रेघही माझीच. मला ती मारल्याचं आठवतसुद्धा नव्हतं. मी वर्गात दरवर्षी शिकवतो, की चरणाच्या शेवटी सारखी अक्षरं आली की यमक, एकच अक्षर पुन्हा पुन्हा आलं की अनुप्रास, आणि हे भाषेचे अलंकार, म्हणजे दागिने. मुलं पाठ करतात, मी गुण देतो. 'तुडतुड'मध्ये मेंढरांची खुरं खरोखर चालतात आणि 'उभी' या दोन अक्षरांवर येऊन सगळा आवाज बंद पडतो, हे मला कधी ऐकूच आलं नव्हतं. माझ्या कानाला यमक हवं होतं, म्हणून मी एका उभ्या राहिलेल्या आईला पळायला लावलं. आणि आजारी बापासमोर बसून रोज तेच त्याला वाचून दाखवत राहिलो. त्यांना ते सांगायचं होतं की काय? इतके महिने त्यांच्या घशात अडकलेलं 'हं हं' तेच होतं का? की हा मी नंतर जोडलेला अर्थ आहे? मला माहीत नाही. मी आबांना विचारलं. त्यांनी फक्त माझ्या डोक्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर त्या दोन ओळी लिहिल्या आणि मुलांना विचारलं, यात काय जाणवतं? एका मुलानं सांगितलं, "यमक जुळत नाही सर." मग खिडकीजवळची एक मुलगी म्हणाली, "सर, ओळ संपल्यासारखीच वाटत नाही." मला जे एम.ए.ला कळलं नाही ते तिला आठवीत कळलं होतं. मी तिला शाबासकी दिली.

पुढच्या आठवड्यात आबा स्वतःच काठी घेऊन दारात उभे राहिले, बारामतीला जायला. मॅडमना मी घडलं ते सांगितलं. त्यांना आनंद झाला, पण आश्चर्य वाटलं नाही. त्या म्हणाल्या, "गाण्याची वाट वेगळी असते मेंदूत. मी म्हटलं होतं ना तुम्हाला, गा म्हणून." खरंच म्हटलं होतं. मी गायलो नव्हतो, वाचत होतो. म्हणजे हे सगळं शास्त्रात बसतं. मग मी त्याला कृपा का म्हणावं? पण मला सरळ सांगितलेलं जे मला ऐकू आलं नाही, ते ऐकवायला त्याच दिवशी ट्रॉली आडवी व्हावी आणि त्याच गाडीवर झील धरता येणारा माणूस असावा, याला मग काय म्हणावं? या दोन्ही बाजू मी कितीतरी वेळा तोलून पाहिल्या आहेत. काटा मध्येच राहतो.

एकदा मी इंदापूरच्या स्टँडवर चौकशीही केली. तिथले साहेब म्हणाले, "त्या दिवशी नेहमीचा रजेवर होता. बदली दुसरीकडनं कुणीतरी आलेला. का, तक्रार हाय का?"

"नाही. आभार मानायचे होते."

ते हसले. "आभारासाठी पहिल्यांदाच कुणी आलंय. नाव बघावं लागंल, उद्या या."

दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही. का गेलो नाही हे विचाराल तर नीट सांगता येणार नाही. नाव कळलं असतं तर त्याच्या घरी जाऊन शाल आणि नारळ दिला असता आणि माझं देणं फिटलं असं मला वाटलं असतं. ते फिटू नये असं कुठंतरी वाटलं.

मग बिरोबापुढं सुंबरान मांडायचा दिवस आला. या वेळी पुढं वस्तीवरचा एक तरुण गाणारा होता. आबांसाठी खुर्ची ठेवली होती, पण ते झीलकऱ्यांच्या रांगेत घोंगडीवर जाऊन बसले. मी त्यांच्या शेजारी बसलो, पंचवीस वर्षांनी. दोन-तीन ओव्या झाल्यावर तो तरुण थांबला आणि म्हणाला, "आबा, तुमची एक हुंद्या." ढोल बारीक झाला. आबांनी डोळे मिटले आणि सुरू केलं. शब्द तुटत होते, पण येत होते. तुडतुड आली, वाट आली, काठ आला. "मान तिची... गा... वळती."

आम्ही झील धरली. वळती गा वळती. पुढची ओळ येईना. पुन्हा धरली. आबांचे ओठ हलत होते, आणि पहिल्या दिवसांतली तीच कासाविशी त्यांच्या डोळ्यांत आली. ढोलवाला माझ्याकडं बघू लागला. सगळी ओळ माझ्या तोंडात होती, या वेळी बरोबर होती. देऊन टाकली असती तर सगळ्यांचीच सुटका झाली असती. मी बिरोबाच्या ठाण्याकडं बघितलं. मागायला काही सुचलं नाही. 'मला कळत नाही' एवढंच मनात म्हटलं आणि हातातलं टोक धरून ठेवलं. वळती गा वळती. किती वेळ, ते आठवत नाही. शब्द त्या दिवशी आला नाही. पण थोड्या वेळानं माझ्या बाजूनं आणखी एक आवाज झिलीत मिसळला. आबाच होते. आपल्याच ओळीची झील धरून, आपल्याच शब्दाची वाट बघत, आमच्यात येऊन बसले होते. त्यांच्या डोळ्यांतली कासाविशी गेली होती. मग कुणीतरी भंडारा उधळला आणि ढोल थांबला.

आता आबांना काही शब्द येतात, काही येत नाहीत. 'उभी' कधी येतो, कधी नाही. जेवण पूर्ण जातं. आईच्या टोमण्यांना ते पुन्हा हसतात. देवानं मला यापेक्षा मोठं काही द्यायला हवं होतं असं मला वाटत नाही, आणि त्यानंच हे दिलं का, हेही मी आता कुणाला पटवत बसत नाही. सकाळी चहाच्या वेळी ते काहीतरी सांगू बघतात आणि मध्येच अडतात. पूर्वी मी चटकन शब्द पुढं करायचो. आता त्यांनी म्हटलेला शेवटचा शब्द मी हळूच परत म्हणतो आणि थांबतो. चहा निवतो. निवू दे.

"म्हणा आबा तुमी," मी म्हणतो. "मी हाय मागं."